विनलँड सागा संपली. आता पुढे काय वाचू?

निवडुंग:
परवा रात्री विनलँड सागाचं शेवटचं प्रकरण वाचलं. माकोतो युकिमुरांनी २००५ साली सुरू केलेली ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०२५ च्या जुलैत पूर्ण झाली, जपानीत २९ खंड. मी पहिला खंड उघडला होता गेल्या गणपतीत. आता दुसरं काहीही हातात घेतलं की दोन पानांत मिटून ठेवतोय, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: अकराव्या शतकाची सुरुवात. डेन्मार्कचे डेन लोक इंग्लंडवर चालून गेलेत. थॉरफिन हा आइसलँडचा पोरगा, आपल्या बापाचा जीव घेणाऱ्या आस्केलाडच्याच टोळीत राहतोय, कारण त्याला समोरासमोर द्वंद्वात हरवून सूड घ्यायचा आहे. बरोबर राजपुत्र कनूट, जो इतिहासात १०१६ मध्ये खरोखर इंग्लंडचा राजा झाला. इथवर ही लढायांची गोष्ट आहे आणि लढाया जबरदस्त आहेत.

माझं मन मात्र त्याच्या पुढच्या भागात अडकलं. (कथानक थोडं उघड होतंय, नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) सूड घ्यायला माणूसच उरत नाही. थॉरफिन गुलाम म्हणून डेन्मार्कात केटिल नावाच्या जमीनदाराकडे विकला जातो. आइनार नावाच्या दुसऱ्या गुलामाबरोबर जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, गहू पेरायचा. पानंच्या पानं हेच. एक बुंधा काही केल्या निघेना आणि मी श्वास रोखून वाचतोय! माझ्या आजोबांनी राजापूरकडे डोंगरउतारावर पहार-कुदळीनं खाचरं पाडली होती. निघालेला एकेक धोंडा बांधाला लावलेला. ते बांध अजून शाबूत आहेत. लहानपणी आजोबांच्या तळव्यांवरचे घट्टे बघून मला भीती वाटायची. थॉरफिनच्या हातात कुऱ्हाड आली, तेव्हा मला त्या तळव्यांची आठवण झाली.

तर अशी मंगा सांगा जिच्यात काळ खरा असेल, प्रवास आणि साहस असेल, आणि तलवार खाली ठेवल्यानंतर त्या माणसाचं काय होतं यातही जिला रस असेल.

रात्रपाळी:
किंगडम! डोळे मिटून किंगडम घे. यासुहिसा हारा, २००६ पासून चालू, सत्तरच्या वर खंड झालेत. चीनमधली सात राज्यं एकमेकांच्या उरावर बसली आहेत तो काळ. शिन हा अनाथ, दुसऱ्याच्या घरी राबणारा पोरगा, त्याला जगातला सगळ्यात मोठा सेनापती व्हायचंय. दुसरीकडे कोवळा राजा एइ सेइ. यानंच पुढे इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून चीन एक केला, तोच पहिला सम्राट. लढाया अशा रंगवल्यात की नकाशा काढून बसावंसं वाटतं. कुठली फळी कधी मागे घ्यायची, टेकडी कोणी आधी धरायची, रसद कुठून तोडायची. पहिल्या काही खंडांत चित्रं कच्ची वाटतील, तेवढ्यावरून सोडू नको. ओउकी सेनापती आला की मग तूच रात्रभर जागशील.

दीपमाळ:
रात्रपाळी, किंगडम मलाही आवडते, पण निवडुंग यांचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. त्यांनी रणांगण मागितलेलं नाही. किंगडममध्ये एक मोहीम संपते ती पुढची सुरू व्हावी म्हणून. शिन तलवार खाली ठेवेल असा एकही क्षण तिथे येत नाही, आणि त्या गोष्टीला त्याची गरजही नाही.

निवडुंग, तुम्ही व्हॅगाबाँड वाचा. ताकेहिको इनोउए यांची, १९९८ ला सुरू झालेली, ३७ खंड. मियामोतो मुसाशी या खऱ्या तलवारबहाद्दराची गोष्ट, एइजी योशिकावा यांच्या कादंबरीवरून घेतलेली. सुरुवात १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर होते. मेलेल्यांच्या ढिगात दोन पोरं चिखलात पडली आहेत, ताकेझो आणि मताहाची, दोघंही हरलेल्या बाजूची. हा ताकेझो म्हणजेच पुढचा मुसाशी. चित्रांबद्दल काय सांगू! पुढेपुढे इनोउए ब्रशने काढायला लागले आणि पाऊस, गवत, ओला सदरा, सगळं कागदावर जिवंत झालं.

मुसाशी देशभर हिंडून एकेका नामवंताला आव्हान देत जातो. योशिओका घराण्याच्या सत्तर माणसांशी तो एकटा लढतो ते प्रकरण सगळ्यांना पाठ असतं. पण त्या लढाईनंतर तो जिंकलेला दिसत नाही. पाय जायबंदी झालाय, आणि इतकी माणसं मारून आपण नेमके कुठे पोचलो हे त्याला कळत नाही. शेवटच्या तीन-चार खंडांत तर तो एका उपाशी गावात येतो, इओरी नावाचा पोरका मुलगा त्याच्या गळ्यात पडतो, आणि हा माणूस नापीक जमीन खणायला लागतो. आधी जमिनीशीही तो लढतोच, शत्रू असल्यासारखा. गावातला एक म्हातारा शेतकरी ते बघत उभा असतो. तुम्ही जे केटिलच्या शेतात वाचलंत ते इथे दुसऱ्या बाजूनं येतं. थॉरफिनला शेतीनं पुन्हा माणूस केलं. मुसाशीला ती शिकवते की पाण्याला वळण द्यायचं तर आधी पाण्याचं ऐकावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. २०१५ पासून ही मंगा थांबलेली आहे. मुसाशीचा प्रतिस्पर्धी तलवारबाज कोजिरो, त्याच्याशी होणारं प्रसिद्ध द्वंद्व तुम्हाला वाचायला मिळणार नाही. कोजिरो इथे बहिरा दाखवलाय, ही इनोउएंची स्वतःची कल्पना. त्याच्या बालपणाचे खंड हा माझ्या मते सगळ्या मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे.

रात्रपाळी:
दीपमाळ, मान्य, माझी घाई झाली. पण किंगडमला नुसती मारामारी म्हणू नका. यासुहिसा हारा हे इनोउएंचेच सहायक होते, व्हॅगाबाँडवर काम केलेले. आणि शिन हा खऱ्या ली शिन सेनापतीवरून घेतलाय. सिमा चिएन या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात त्याचा फार मोठा पराभव नोंदलेला आहे, छू राज्यावर दोन लाख फौज घेऊन गेला तेव्हाचा. म्हणजे आपण ज्या पोराबरोबर इतके खंड चाललो, त्याच्या वाट्याला काय येणार आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. तो जिंकतो त्या प्रत्येक पानावर माझ्या मनात ते असतं. मला त्यात खूप काही सापडतं.

दीपमाळ:
हे पराभवाचं तुम्ही फार चांगलं सांगितलंत. या नजरेनं मी वाचली नव्हती. पुन्हा काढते.

अंगणवेल:
वाचनखूण साठवली. भर घालत राहा मंडळी.

कशिदा:
मी एरवी या विभागात फारशी लिहीत नाही, पण विचारलंय ते वाचून राहवलं नाही. काओरू मोरी यांची 'अ ब्राइड्स स्टोरी'. २००८ पासून चालू आहे. एकोणिसाव्या शतकातला मध्य आशिया, कॅस्पियन आणि अरलच्या आसपासचा मुलूख, रशियाची फौज हळूहळू जवळ येतेय तो काळ. भटक्या कळपवाल्या टोळीतली वीस वर्षांची अमीर लग्न होऊन गावात स्थिरावलेल्या घरात येते आणि नवरा असतो बारा वर्षांचा कार्लुक. हे वाचून मी आधी बिचकले होते, पुस्तक परत ठेवणार होते. मोरींनी ते नातं फार जपून हाताळलंय. बराच काळ ती त्याची थोरली सोबतीणच वाटते, शिकारीला नेणारी, आजारी पडला की जिवाचं रान करणारी.

साहस हवं असेल तर अमीर धावत्या घोड्यावरून धनुष्य चालवते, तिच्या माहेरची टोळी तिला परत न्यायला चालून येते, अख्खं गाव छपरांवर उभं राहून लढतं. पण माझं आवडतं प्रकरण वेगळंच आहे. घरातल्या छोट्या तिलेकेला भरतकामात फक्त ससाणे काढायचेत. दुसरं काही काढायलाच तयार नाही. मग आजी एकेक जुनं कापड उलगडते. हे तुझ्या पणजीचं, हे अमुक घरातून आलेल्या सुनेचं, हा नमुना तमक्या गावचा. एकेका बाईचं आयुष्य त्या टाक्यांत. माझ्या आईनं मला साखळी टाका शिकवला तेव्हा ती तिच्या आत्याचं नाव घ्यायची, 'हा आत्याचा हात' म्हणायची. मोरी तो एकेक टाका खरोखर हातानं काढतात, मी भिंग घेऊन पाहिलंय. टाक्याची दिशासुद्धा चुकत नाही.

पुढे गोष्ट स्मिथ या इंग्रज अभ्यासकाबरोबर प्रवासाला निघते. अरलच्या काठी कोळ्यांच्या दोन जुळ्या मुली, इराणातली एकटी पडलेली अनीस, आणि इकडे अमीरच्या गावात पाव भाजण्यात रमणारी पारिया. लढाई दर वेळी नसते. पण ज्यांच्यासाठी लढाया होतात ती घरं कशी असतात ते इथे दिसतं.

सागरगोटा:
कशिदाताई, माझी लेक तेरा वर्षांची आहे. तिला देऊ का ही?

कशिदा:
आधी तुम्ही वाचा. काही प्रकरणांत हमामातली, अंघोळीची दृश्यं आहेत, अश्लील नाहीत पण उघडी आहेत. लग्नाच्या वयाबद्दलही तिच्याशी बोलावं लागेल. तिच्यासाठी केई ओकुबो यांची आर्ते बघा. सोळाव्या शतकातलं फ्लॉरेन्स, खानदानी घरातली मुलगी चित्रकार व्हायचं म्हणून घर सोडते आणि एकही उस्ताद तिला हाताखाली घेईना. रंग कुटण्यापासून सुरुवात. माझ्या भाचीनं एका आठवड्यात तीन खंड संपवले.

शाईपेन:
अजून कोणी हिस्तोरिएचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. हितोशी इवाआकी, म्हणजे पॅरासाइट ही मंगा काढणारे. २००३ पासून आफ्टरनून मासिकात, विनलँड सागाही तिथेच यायची. नायक युमेनीस. हा अलेक्झांडरचा चिटणीस. आपल्याला चिटणीस म्हटलं की बाळाजी आवजी आठवतात, दरबारात मान खाली घालून लिहिणारा विश्वासू माणूस. युमेनीसही तसाच, आधी बाप फिलिपकडे आणि मग मुलाकडे. पण इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर गेला आणि सगळे सरदार राज्याचे लचके तोडायला निघाले, तेव्हा हा लेखणीवाला माणूस फौज घेऊन उभा राहिला. त्यानं क्रेटरससारख्या कसलेल्या सेनानीला हरवलं. मॅसिडोनियाच्या सरदारांनी त्याला शेवटपर्यंत परका ग्रीक म्हणून हिणवलं, आणि शेवटी त्याच्याच सैनिकांनी, लढाईत हातचं गेलेलं सामान आणि बायकापोरं परत मिळावीत म्हणून, त्याला शत्रूच्या हवाली केलं.

मंगा इतक्या पुढे अजून आलेली नाही. गोष्ट युमेनीसच्या बालपणापासून आहे. कार्डिया या ग्रीक शहरातल्या श्रीमंत घरातला, पुस्तकांत बुडालेला पोरगा, आणि एके दिवशी त्याला कळतं की आपण या घरचे नाही, आपली आई शकांच्या टोळीतली होती. एका दुपारीत तो मालकाचा मुलगा होता तो गुलाम होतो. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकारानं युमेनीसचं जे चरित्र लिहिलंय त्यात त्याचा बाप गरीब गाडीवान होता असं एका जुन्या लेखकाच्या हवाल्यानं दिलंय. शकांचा भाग इवाआकींनी स्वतः रचलाय. मला तो खरा वाटतो कारण पुढे आयुष्यभर जो माणूस 'हा आपला नाही' हे ऐकत राहिला, त्याची सुरुवात कुठून झाली असेल याचं उत्तर त्यात आहे.

इवाआकी रक्तपात फार थंडपणे काढतात. कोणी ओरडत नाही, नाट्यमय रेघा नाहीत. तलवार लागते आणि माणूस पडतो. त्यामुळे जास्त अंगावर येतं. खंड मात्र फार सावकाश येतात. अकरावा २०१९ ला आला आणि बारावा २०२४ ला. तरीही वाचा. तुम्हाला दास्यातून गेलेला आणि डोक्यानं जगणारा माणूस हवा असेल तर थॉरफिनचा खरा भाऊबंद हाच.

निवडुंग:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. व्हॅगाबाँडचे सगळे खंड एका मित्राकडे आहेत, शनिवारी जाऊन आणतो. शाईपेन, चिटणीसाचं वाचून अंगावर काटा आला.

थॉरफिनबद्दल एक राहिलं होतं. थॉरफिन कार्लसेव्हनी खराच होऊन गेला, ग्रीनलंडच्या आणि लाल एरिकच्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या आइसलँडी कथांमध्ये, तो येतो, समुद्र ओलांडून विनलँडला, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला गेलेला. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या टोकाला लान्झ ओ मेडोज इथे १९६० च्या दशकात इंगस्टाड पतिपत्नींनी खणून नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांची, वस्ती शोधून काढली. तिथल्या लाकडावरचे धातूच्या हत्याराचे घाव १०२१ सालचे आहेत असं २०२१ मध्ये सिद्ध झालं. बरोबर हजार वर्षं! मंगा वाचताना मी त्या लाकडाचे फोटो शेजारी उघडून ठेवायचो.

उत्तरध्रुव:
मी सहा वर्षं जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोत आहे, तेव्हा गोल्डन कामुईबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी. सातोरु नोदा, २०१४ ते २०२२, ३१ खंड, पूर्ण झालेली. वाट बघत बसावं लागत नाही.

रशिया-जपान युद्ध नुकतंच संपलंय. पोर्ट आर्थरच्या २०३ मीटर टेकडीवरून जिवंत परत आलेला सुगिमोतो होक्काइदोत नदीच्या वाळूत सोनं शोधतोय. त्याला कळतं की ऐनू या तिथल्या मूळ रहिवाशांचं लपवलेलं सोनं आहे आणि त्याचा नकाशा आबाशिरीच्या तुरुंगातून पळालेल्या कैद्यांच्या अंगावर गोंदलेला आहे, तुकड्या-तुकड्यांनी. त्याची गाठ पडते असिरपाशी, ऐनू मुलगी, विषारी बाण, लांडगा सोबतीला. मागावर सैन्यातली एक बंडखोर तुकडी आणि हिजिकाता तोशिझो. हा हिजिकाता खरा सामुराई, १८६९ मध्ये हाकोदातेच्या लढाईत मारला गेला. नोदांनी तो वाचला असता तर, असं धरून त्याला म्हातारा करून आणलाय.

पाठलाग, अस्वलं, हिमवादळं सगळं आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शांत प्रसंगात आहे. सुगिमोतो सांगतो की युद्धात जगायचं तर माणसाला दुसराच कोणीतरी व्हावं लागतं. लहानपणी गावात खाल्लेली वाळवलेली काकीफळं त्याला आठवतात. असिरपा विचारते, ती फळं पुन्हा खाल्लीस तर तू पूर्वीचा होशील का? सगळं संपलं की आपण तुझ्या गावी जाऊन ती खाऊ या. पुढच्या सगळ्या खंडांत मी त्याच फळांची वाट बघत होतो.

ऐनूंचं खाणं, शिकार, घरबांधणी यांवर भरपूर पानं आहेत. शिकार केलेला प्राणी म्हणजे पाहुणा आलेला देव, त्याला मानानं परत पाठवायचं, हे असिरपा शिकवते. भाषेसाठी चिबा विद्यापीठाचे हिरोशी नाकागावा सल्लागार होते. मी मंगा वाचून शिराओइच्या उपोपोयला गेलो, पोरोतो तळ्याकाठचं ऐनू संग्रहालय, २०२० ला उघडलेलं. ऐनू हे मूलनिवासी आहेत हे जपाननं कायद्यात लिहिलं ते २०१९ मध्ये! इतकी वर्षं इथे राहून मला त्यातलं काही माहीत नव्हतं आणि मला त्याची खंत वाटते. त्या तळ्याकाठी एक आजी बांबूचं वाद्य तोंडाला लावून दोरी ओढत होत्या. मी तासभर तिथून हललो नाही.

मुलांना देऊ नका. कातडी सोलण्याची दृश्यं आहेत आणि विनोद पुष्कळदा ओंगळ आहे.

वाटाड्या:
एक नवं नाव: जादूगार. हो, शब्द आपलाच, फारसीतून आपल्याकडे आला तसा तिकडे गेला. टोमॅटो सूप या टोपणनावानं काढणाऱ्या चित्रकर्तीची, २०२१ पासून. तेरावं शतक, इराणातलं तूस शहर. सितारा ही गुलाम पोर एका विद्वान घरात वाढते, वाचायला शिकते, आणि मंगोल येतात. घर संपतं. मग ती फातिमा हे नाव घेऊन थेट मंगोल राजघराण्यात शिरते. सूड आहे, पण तलवारीचा नाही. तिच्याजवळ शिकलेलं डोकं आहे एवढंच. मंगोल राणी तोरेगेनेच्या दरबारातली फातिमा इतिहासात खरोखर होती, तिचा उल्लेख त्या काळच्या जुवैनी या इराणी इतिहासकारानं केलाय. चित्रं गोल, लहान मुलांच्या पुस्तकासारखी, त्यामुळे क्रूर प्रसंग आला की धक्का जास्त बसतो.

जुन्यातलं हवं असेल तर लोन वुल्फ अँड कब, कोइके आणि कोजिमा यांची, १९७० ते १९७६, २८ खंड. आणि ओसामु तेझुकांची बुद्ध, आपल्या मातीतली गोष्ट जपानी नजरेनं. पण शीर्षकावरून चरित्रग्रंथ समजू नका, त्यात तेझुकांनी मनानं निर्माण केलेली पात्रं भरपूर आहेत.

अंगणवेल:
अँगोलमोईस पण लिहा यादीत. १२७४ मध्ये मंगोल त्सुशिमा बेटावर उतरले तेव्हाची. हद्दपार केलेल्या कैद्यांना बेट राखायला उभं केलेलं असतं. छान आहे, पण व्हॅगाबाँडनंतर वाचू नका, हलकी वाटेल.

निवडुंग:
पाच आठवड्यांनी परत आलोय. व्हॅगाबाँड ३७ खंड झाली.

दीपमाळताई, शेतीचे खंड मी गावी नेऊन वाचले. सलग तीन दिवस पाऊस होता, लाइट नव्हती, ओटीवर बसून वाचत होतो. मुसाशी कोरड्या रानात एकटाच कुदळ मारतोय ते पान उघडं होतं. बाबा चहा घेऊन आले आणि मागून बघत उभे राहिले. त्यांनी कधी मंगा हातात धरलेली नाही. म्हणाले, "हा नुसता उकरतोय. पाणी कुठनं येणार नि कुठनं जाणार ते बघितलं नाही त्यानं. असं करून मेर टिकत नाही." मी काही बोललो नाही, पुढची दोन प्रकरणं वाचली आणि पुस्तक त्यांच्याकडे दिलं. उजवीकडून डावीकडे वाचायचं एवढं सांगितलं. त्यांना सुरुवातीला चौकटींचा क्रम लागेना, मग लागला. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पानांवर आले तेव्हा म्हणाले, "हा आमच्या दादांसारखा आहे." दादा म्हणजे माझे आजोबा.

गोष्ट अर्ध्यावर थांबते याचं मला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. मुसाशी शेतात आहे तिथवर मला पोचायचं होतं.

उत्तरध्रुव, कामुईचा पहिला खंड मागवलाय. शाईपेन, त्यानंतर हिस्तोरिए. कशिदाताई, ब्राइड्स स्टोरी आईसाठी घेतली, तिलेकेच्या ससाण्यांपर्यंत ती पोचली आहे आणि भिंग शोधतेय.

व्हॅगाबाँडचे शेवटचे चार खंड गावीच राहिले. मित्राला दुसरे घेऊन द्यावे लागतील.